व्हालीसाठी कापलेला दोर

देवल माझी सून आहे. सासूने सुनेचे कौतुक करू नये, ते तिच्या माहेरच्यांनी करावे, अशी आमच्या नवाबारा बंदरावरची रीत आहे. रीती मी आयुष्यभर पाळल्या आणि इतरांना पाळायला लावल्या. तरीही हे सांगणार आहे, कारण ज्या माणसामुळे घराचा शब्द राहिला त्याचे उपकार मानायचे राहून गेले, तर वर गेल्यावर माझ्या नवऱ्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

त्या वर्षी खारवा समाजाने माझ्या वेलजीला पटेल केले. आमच्यात पटेल म्हणजे बंदराचा मुखी. कोणती नाव केव्हा निघेल, भांडण कुणाचे आणि चूक कुणाची, हे सारे त्याने ठरवायचे. माझा नवरा पटेल होता, सासरे पटेल होते. पण वेलजीला ती गादी वारशाने मिळाली नाही. बंदराने त्याला निवडले, आणि निवडणाऱ्यांतल्या अर्ध्यांना वाटत होते की तो आपल्या बापासारखाच निघेल.

तो निघाला नाही. पटेल झाल्यावर त्याने पहिली सभा घेतली ती व्हालीसाठी.

व्हाली म्हणजे लाडकी. हे नाव अलीकडचे. माझ्या सासऱ्यांच्या काळी त्या माशाला बेरल म्हणत, कारण गळाला पिंपे बांधून त्याला दमवीत असत. नावेएवढा लांब, अंगभर पांढरे ठिपके, तोंड असे की त्यात माणूस आडवा मावेल. आणि खातो काय, तर पाण्यातला बारीक भुगा. त्याच्या काळजाचे तेल आमच्या लाकडी नावांना पाजले जाई. मग तेलाला गिऱ्हाईक आले, मांसाला गिऱ्हाईक आले, आणि बघता बघता पाण्यात तो दिसेनासा झाला. पुढे सरकारने मारायला बंदी केली, शहरातली माणसे येऊन समजावून गेली, बंदराने माना डोलावल्या. पण जाळ्यात आपोआप अडकलेल्या व्हालीचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. जाळे कापले तर हंगाम जातो. न कापले तर ती गुदमरून मरते, आणि मारली कुणीच नाही असे प्रत्येकाला म्हणता येते.

वेलजीने सगळ्या तांडेलांना, म्हणजे नावांच्या प्रमुखांना, समुद्रावर नेले, तळहातावर खारे पाणी घ्यायला लावले आणि शपथ घेतली: जाळ्यात व्हाली आली, तर जिवंत सोडायची, त्यासाठी जे कापावे लागेल ते कापायचे.

माझा धाकटा दीर मेघजी तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "दुसऱ्याच्या जाळ्याला कात्री लावायला काय जातं, पटेल? तुझ्या जाळ्यात येऊ दे. मग बघू."

"बघा ना, काका," वेलजी म्हणाला. "मी कुठं डोळे झाका म्हणतोय?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमेला नावा पुन्हा निघतात. त्या दिवशी पटेलाची नाव पहिली, आणि तिच्यावर चढते ते नवे जाळे. जाळ्याच्या वरच्या कडेला जाड दोर असतो, त्यालाच बोये बांधलेले असतात आणि त्याच्यावरच सगळे जाळे लोंबते. त्या दोराला नावेवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाची बायको आपल्या लग्नातल्या चुंदडीची एक चिंधी बांधते. गाठ मारताना ती मनात नवऱ्याचे नाव घेते. हंगाम संपेपर्यंत तो दोर तुटू नये, म्हणून त्याला डोळ्यांतल्या बाहुलीसारखे जपतात. कुणी मुद्दाम कापल्याचे तर माझ्या ऐकिवात नव्हते. गाठीला सुरी लावणे म्हणजे त्या बाईच्या कपाळाला सुरी लावणे, असे आम्ही मानत आलो. विधवेने त्या दोराला हात लावायचा नसतो. मी दूर पाटावर बसून गाठी नीट बसल्या की नाही ते बघते.

त्या वर्षीही बघितले. देवलची गाठ सर्वांत आधी, कारण तिचा नवरा तांडेल. सर्वांत शेवटी कंकूची. तिचे लग्न वैशाखात झालेले, चुंदडी अजून नवी होती, आणि ती फाडताना तिला रडू आले होते.

"अगं, चिंधी फाड म्हटलं, काळीज नाही," हीरुने, म्हणजे मेघजीच्या बायकोने, तिला टोमणा मारला.

"तुमच्या चुंदडीचा रंग तरी राहिलाय का, काकी?" कंकू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

नावा गेल्या. पटेलाच्या घरी, म्हणजे आमच्या ओसरीवर, बंदराचा वायरलेस असतो. त्याच्यासमोर मी बसते. नवऱ्याच्या काळापासून ते माझे काम आहे. तरण्या बायका त्यावर बोलत नाहीत, कारण समुद्रावरचे सगळे वडीलधारे ऐकत असतात, आणि त्यांच्यासमोर सुनेने आवाज काढायचा नसतो. देवल तर माझ्या घरात आल्यापासून मेघजीसमोर पदराआडूनही बोलली नव्हती.

सकाळ चांगली वर आली होती. देवल अंगणात बांबूंवर बोंबील उलटे करीत होती. वायरलेसवर कुणी दक्षिणेच्या पाण्याला शिव्या घालीत होते, कुणी कुणाच्या नव्या इंजिनाची थट्टा करीत होते. तेवढ्यात वेलजीचा आवाज आला. आमच्यात आईला बा म्हणतात.

"बा, आहेस का?"

"मी नसेन तर कोण असणार? बोल."

"व्हाली आली जाळ्यात."

मग मेघजीचा आवाज: "कुणाच्या? पटेलाच्या? पहिल्याच फेकीला? वा रे वा! तळहातावरचं पाणी तरी सुकलं का, दीकरा?"

"मेघजी, मधे बोलू नकोस," मी म्हटले. "वेलजी, जिवंत आहे?"

"आहे. मोठी आहे, बा. आपल्या नावेपेक्षा लांब. आम्ही शिवण उसवली."

इथे चूक झाली होती, आणि ती आमच्याच माणसांच्या हातून होण्यासारखी होती. जाळे अनेक पटांचे असते आणि ते पट एकमेकांना सुतळीने शिवलेले असतात. ती शिवण उसवली की पट सुटे होतात. ना जाळे फाटते, ना दोर तुटतो. दोर वाचवायचा म्हणून वेलजीच्या खलाशांनी तेच केले. पट गळून पडले. पण पटांचे ओझे गेल्यावर वरचा दोर सैल झाला, व्हालीने अंग वळवले, पुन्हा वळवले, आणि बोये लावलेला तो सगळा दोर तिच्या कल्ल्यांच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी आवळून बसला. एक टोक तिच्याभोवती, एक टोक नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाला.

"आता ती खाली ओढतेय," वेलजी म्हणाला. "नाळ पाण्याला लागायला आलीय. नाळेचा दोर सोडला, तर आम्ही सुटतो, पण ती तशीच बांधलेली राहते. संध्याकाळपर्यंत मरेल. दोरच कापला पाहिजे, तिच्या अंगापाशी. तीन ठिकाणी."

"मग काप! शपथ कुणी घेतली होती? मी घेतली होती?"

मी पुन्हा बटण दाबले. "वेलजी, काप म्हणते ना!"

"बा," तो अगदी हळू म्हणाला, "तुझी गाठ नाही या दोरावर."

एवढ्या लोकांदेखत मला असे कुणी बोलले नव्हते. पण तो खरे बोलला होता.

"माझी एकट्याची असती, तर विचारलंही नसतं," वेलजी पुढे म्हणाला. "ही सगळ्यांची आहे. भीमाची आहे, जेठाची आहे, करसनची आहे. इथं कुणी सुरी उचलायला तयार नाही आणि मी त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाही. ज्यांनी गाठी मारल्या त्यांना विचार. पण लवकर, बा."

मेघजी आता हसत नव्हता. "वेलजी, नाळ सोड," तो म्हणाला. "माशापायी माणसं बुडवू नकोस. सोडून दे. शपथेला कोण विचारतंय? तू प्रयत्न केलास. आम्ही सगळे सांगू."

तेच तर होते. वेलजीने नाळ सोडली असती, तर कुणी त्याला नाव ठेवले नसते. फक्त त्या दिवसापासून प्रत्येक नावेने प्रयत्न केला असता आणि नाळ सोडली असती, आणि शपथ खाऱ्या पाण्यासारखी हातातून गळून गेली असती.

मी मान वर केली तर देवल ओसरीच्या पायरीवर उभी. तिच्या हाताला बोंबलांचा वास होता, डोक्यावरचा पदर सरकला होता, आणि तिने सगळे ऐकले होते.

"बा, मी बायकांना बोलावते," ती म्हणाली आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता फाटकातून धावली.

बंदरावर हाक पोहोचायला वेळ लागत नाही. कुणी पिठाच्या हाताने आली, कुणी केस मोकळे सोडून. हीरु आली, कारण ती येणारच. कंकू आली तेव्हा तिचा चेहरा बोरासारखा सुकला होता.

देवलने काय विचारायचे आहे ते सांगितले. जेठाची आणि करसनची बायको एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी कंकू म्हणाली, "मी नाही म्हणणार. माझी गाठ कापायची नाही."

"कंकू," मी आवाज चढवला.

"बा, तुम्ही थांबा," देवल म्हणाली.

माझ्या ओसरीवर, माझ्याच पाटाशेजारी, माझी सून मला थांबा म्हणाली. मी थांबले. का थांबले ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मी थांबले याचेही मी आभारच मानते.

"नाळ सोडा म्हणावं," कंकू रडत म्हणाली. "नाव वाचेल. माणसं येतील घरी. तुम्हाला काय, देवलभाभी, तुमची पोरं शाळेत जातात. माझा संसार अजून मांडायचाय."

देवल तिच्यासमोर खाली बसली. "नाळ सोडली तर व्हालीचं काय होईल?"

"मरेल."

"कुठल्या दोरात?"

कंकूने पदराने डोळे पुसले.

"आपल्या दोरात," देवल म्हणाली. "तुझी चुंदडी, माझी चुंदडी, सगळ्या तिच्या गळ्याभोवती. ती मरून फुगून वर येईल, कुठंतरी किनाऱ्याला लागेल, कुत्री ओढतील. आपल्या नवऱ्यांची नावं घेऊन मारलेल्या गाठी मढ्याभोवती हव्यात का तुला? मला नकोत. गाठ कापली तर काय होतं मला माहीत नाही. कुणी कापलीच नाही, तर कोण सांगणार? पण मढ्याला बांधलेली गाठ मला नको."

असे आमच्यापैकी कुणी कधी बोलले नव्हते. मीही नव्हते. रीत मोडा असे ती म्हणत नव्हती. रीत आम्हा सगळ्यांहून नीट तिनेच समजून घेतली होती.

करसनची बायको पहिली म्हणाली, "बरोबर आहे. माझी कापा."

"माझीही," जेठाची म्हणाली.

देवल उठली, वायरलेसपाशी आली आणि पदर कपाळावर ओढून तिने बटण दाबले. 

"पहिली माझी गाठ कापा."

समुद्रावर कुणीतरी खोकले. मग मेघजी गरजला, "काय चाललंय? पटेलाच्या घरात आता वहू बोलायला लागली?"

मी देवलच्या हातावर हात ठेवून बटण दाबले. "हो, बोलायला लागली, मेघजी. आणि तू ऐकायला लाग."

देवलने पुन्हा बटण घेतले. "करसनभाईंच्या घरून हो आहे. जेठाभाईंच्या घरून हो आहे. कंकू..." तिने मागे वळून बघितले.

कंकू पुढे आली. तिने कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता. ती त्याच्यावर असे ओरडली की भिंतीवरची पाल पळाली. "भीमा! तू कापणार का माझी गाठ?"

क्षणभर खरखर झाली आणि मग भीमाचा आवाज आला. तो पोरगा बंदरावर सर्वांत वाह्यात. "कंकू, तुझ्या हातची खिचडी खाऊन मी जिवंत राहिलो, तो चिंधी कापल्याने मरतोय होय? हो म्हण लवकर, पाय ओले झालेत!"

ओसरीवर बायका रडता रडता हसल्या. कंकू लाल झाली. "मेल्या, ये घरी, दाखवते खिचडी! काप! तूच काप, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!"

मग आम्ही वाट बघितली. वायरलेसमधून फक्त वाऱ्याचा आणि ओरडण्याचा आवाज येत होता. कुणी वेलजीला "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. पाण्यात माणूस पडल्याचा आवाज झाला आणि कंकूने माझा खांदा इतका घट्ट धरला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशी होता. मी तिला हात काढ म्हटले नाही.

"भीमा पाण्यात उतरलाय," वेलजीने सांगितले. "तिच्या शेपटीपाशी." आणि मग बऱ्याच वेळाने, "एक जागा सुटली."

"दुसरी सुटली."

शेवटची सुटल्याचे आम्हाला कळले ते मेघजीकडून. तो आपली नाव घेऊन जवळ गेला होता; न बोलावता गेला होता, आणि ते मी त्याच्या नावावर जमा धरले आहे.

"भाभी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "गेली. आधी थांबली थोडी. तशीच पडून राहिली पाण्यावर, जणू तिला विश्वासच वाटेना. मग शेपूट हलवलं आणि गेली. माझ्या नावेखालून गेली. ठिपके मोजता आले असते."

वेलजीची नाव दुपारी परत आली. जाळ्याचे काही पट उरले होते, दोराचे तुकडे उरले होते, मासळी नव्हती. भीमाची पोटरी दोर घासून सोलली होती. कंकूने सगळ्यांदेखत आधी त्याला मारले आणि मग हळद लावली. पट पुन्हा शिवायला आठवडे गेले. त्यात हीरुचेही हात होते, आणि ती शिवताना पूर्ण वेळ पटेलाच्या नावाने बोटे मोडीत होती. नव्या दोराला बायकांनी नव्या चिंध्या बांधल्या. मला वाटले होते, कुणीतरी मागे हटेल. कुणी हटले नाही.

त्या रात्री वेलजी मला म्हणाला, "बा, तुला बोललो ते लागलं का?"

"लागलं," मी म्हटले. "लागायलाच हवं होतं. पटेल आईला भिऊन वागला, तर बंदर कुणाला भिणार?"

देवलला मात्र मी काही म्हटले नाही. म्हणता येईना. रोज सकाळी ती बाजरीचा रोटला थापायची, मी बघायची आणि मीठ कमी आहे एवढेच म्हणायची. आमच्या भाषेत सुनेला म्हणण्यासारखे शब्द फार थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक आज्ञेचे आहेत.

पौषात एके दिवशी सकाळीच वायरलेस खरखरला. मेघजी होता.

"भाभी, वहू आहे का घरात?"

"कशाला?"

"व्हाली आलीय माझ्या जाळ्यात. दोर कापायचाय. हीरुला विचारायला हवं, आणि हीरु माझं ऐकते का कधी? वहूला पाठव म्हणावं तिच्याकडे. तिचं ऐकेल."

देवल पदर सावरून गेली आणि हीरुला घेऊन आली. हीरु कमरेवर हात ठेवून वायरलेसवर म्हणाली, "कापा, कापा. म्हातारपणी माझ्या गाठीची एवढी काळजी! जन्मभर कुठं होती ती?" तिकडे मेघजीचे खलाशी हसल्याचे ऐकू आले. थोड्या वेळाने निरोप आला: व्हाली गेली.

हीरु निघून गेली. देवल अंगणाकडे वळली. तेव्हा मी बटण दाबले आणि दाबूनच ठेवले. मी बोलत असताना मधे कुणाला बोलता येऊ नये म्हणून.

"सगळ्या नावांनी ऐका," मी म्हटले. "झवेर बोलतेय, वेलजीची आई. लाभपाचमेला माझ्या घराचा शब्द जाणार होता. तो माझ्या वहूने राखला. मी हुकूम देत होते आणि कुणी ऐकत नव्हतं; तिने विचारलं आणि सगळ्यांनी ऐकलं. वेलजीला बंदराने निवडलं, हिला मी निवडलं. मी नशीबवान आहे. तिच्या आईबापांचे, तिच्या गावाचे, ज्या दिवशी मी तिला बघायला गेले त्या दिवसाचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी घरात म्हणू शकले नाही, म्हणून इथं म्हणतेय. आणि पुढच्या लाभपाचमेपासून या यंत्रापाशी ती बसेल. मी बाजूला बसेन. कुणाला काही म्हणायचं असेल, तर तिला म्हणा."

बोलताना मी देवलकडे बघितले नाही. बटण सोडले, तसा मेघजी लगेच बोलला.

"झालं का, भाभी? एवढ्या वेळात व्हाली द्वारकेला पोहोचली."

मग एकेका नावेतून आवाज येऊ लागले. कुणी देवलभाभी म्हणत होते, कुणी वहू, भीमा तर नुसताच शिट्टी वाजवीत होता. मी मान वळवली. देवल दारात उभी होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, आणि हातात बोंबलांची पाटी तशीच.

"बा," ती म्हणाली, आणि तिने पाटी खाली ठेवली. "सरका जरा तिकडे. ते बोलतायत माझ्याशी, उत्तर द्यायला नको का?"

मी सरकले.